देठाला विचार

गुरुवारी साडेदहाला, लडलोच्या चर्चमागच्या हॉलमध्ये
ग्वेन प्रोबर्ट बादल्या मांडते.
खुराड्याची उरलेली जाळी चुरगळून
सुपाच्या तडकलेल्या भांड्यात कोंबते आणि म्हणते,
हे भांडं आहे हे आता विसरा.
हा कुंपणाचा एक कोपरा.

आम्ही सहाजणी, आणि एक रॉय,
ज्याला डॉक्टरांनी सांगितलंय हात गुंतवायला.

मला फुलं माहीत ती देठावाचून.
पहाटे दाराच्या कडीला अडकवलेली फुलपुडी,
पळसाच्या पानात, दोऱ्याचे तीन वेढे,
आत पाच शेवंत्या, दूर्वा, चिमूटभर तुळस.
फुलाला देठ असतो हे ठाऊक होतं,
जसं देवाला पाठ असते हे ठाऊक असतं.

ग्वेन आधी हुंगते, मग खोचते.
मी अजून दचकते.
हुंगलेलं फूल चालत नाही, असं ओठांवर येतं
आणि परत जातं.
इथे कुठे कुणाला वाहायचंय.

पहिल्या दिवशी माझे डेलिया
शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे.
ती काही बोलली नाही.
सगळ्यात मोठा, सगळ्यात लाल होता तो उचलला
आणि भिंतीकडे तोंड करून लावला.
म्हणाली, बागेत सगळे तुझ्याचकडे बघत नसतात.
देठाला विचार, त्याला कुठे वाकायचंय.

विचारायला शिकले. हळूहळू.
काटेरी ब्रॅम्बल खाली ओघळू द्यायचं,
कच्ची फळं, किडीने जाळी केलेलं पान, दोन्ही ठेवायची.
वाळलेल्या गवताला मध्ये घ्यायचं,
आणि कुठेतरी एक भोक सोडायचं,
एका मधमाशीला आरपार जाता येईल एवढं.

मग ती म्हणाली, पुढच्या वेळी
वाटेत भेटेल ते आणा.

डिनहॅमच्या पुलाखाली, टीमच्या काठाला
मला तेरडा भेटला.
माझ्याहून हातभर उंच,
देठ लालसर, रसरशीत, पोकळ,
रंग मात्र तोच, देवरुखच्या बांधावरचा.
सवयीने मुळासकट उपटला.
काकी तसाच आणायची भाद्रपदात.
मुळं म्हणजे गौरीची पावलं,
ती तोडायची नसतात.

हॉलमध्ये शांतता झाली.
रॉयने खुर्ची मागे घेतली.
हे? ग्वेन म्हणाली. हे लावणं गुन्हा आहे इथे.
दर जूनमध्ये आम्ही पन्नास जण चिखलात उतरून
हेच उपटतो.
हिमालयातून आणलं कुणा हौशी माणसानं,
आता नदीचा काठ खातंय.

मला दिसत होतं, या वाक्यातून
कोणता अर्थ माझ्याकडे चालत येतोय.
मी त्याला बसायला खुर्ची दिली नाही.
खरंच खातंय ते काठ. मीही पाहिलाय,
हिवाळ्यात उघडी पडलेली माती.

मुळासकट आणलंस ना? तिनं विचारलं.
हो.
मग बरं केलंस.
चष्मा लावून बसली,
टपोरी बोंडं एकेक करून पिशवीत खुडली,
तरी एक फुटलंच तिच्या बोटांत,
आणि बी टणकन रॉयच्या चहात.
तो हसला. सहा गुरुवारांत पहिल्यांदा.

पावलं मी स्वतः कापली.
नॅपकिनात गुंडाळून पर्समध्ये ठेवली,
कशासाठी ते माहीत नाही.

तेरड्याला ग्वेननं डाव्या बाजूला,
रोजहिपच्या मागे जागा दिली. अर्धा दिसेल असा.
विचारलंस त्याला? ती म्हणाली.
विचारलं होतं.
तो आधीच वाकला होता.

आता ते भांडं माझ्या स्वयंपाकघरात.
तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणतात.
माझा दुसऱ्या दुपारीच गळायला लागला,
मिठाच्या बरणीवर, रॉयनं लिहून दिलेल्या
त्याच्या बहिणीच्या चटणीच्या कृतीवर.
डेलिया भिंतीकडे बघतोय.
आणि गॅसच्या बिलावरून एक गोगलगाय,
पानाखाली लपून आलेली,
चांदीची रेघ ओढत
निघालीय खिडकीकडे, सावकाश.
मी खिडकी उघडून ठेवलीय.